रापलेला चेहरा, गोरेपणाची डबी आणि तुमचा गल्ला



व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये दोन ओळींत उत्तर देता येत नाही असे प्रश्न आपण इथे ब्लॉगवर घेतो. या वेळचा प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत आलाय. "ताई, कॉस्मेटिक्सचं दुकान टाकतेय. गोरेपणाच्या लूज क्रीमला मार्जिन चांगलं आहे म्हणतात, ठेवू का?" "पार्लरमध्ये पीलिंग आणि लेझर सुरू करायचंय, मशीन हप्त्यावर मिळतंय, घेऊ का?" आणि तिसरा, "उन्हाचे डाग, सुरकुत्या यावर सध्या कुठली ट्रीटमेंट जास्त चालते?"

तिन्ही प्रश्नांमागचं गिऱ्हाईक एकच आहे. ज्याचा चेहरा उन्हानं रापलाय आणि वयाच्या आधी म्हातारा दिसायला लागलाय, तो माणूस. बीड जिल्ह्यात अशा गिऱ्हाइकांची कमी नाही. म्हणजे मार्केट आहे, पैसाही आहे. पण या धंद्यात एक रेघ आहे. तिच्या अलीकडे दुकान चालतं आणि पलीकडे माणसाची किडनी जाते. ही रेघ नेमकी कुठे आहे, ते आज समजून घेऊ.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी बीबीए करून दुकान चालवणारी बाई आहे. त्यामुळे उपचार कुठला घ्यावा हे मी सांगणार नाही. दुकानात आणि पार्लरमध्ये काय ठेवायचं, काय ठेवायचं नाही आणि गिऱ्हाइकाला कुठे पाठवायचं, तेवढंच सांगणार आहे.

गिऱ्हाईक कोण आहे, ते आधी बघा

पुण्यातल्या मॉलमधल्या दुकानाचं गिऱ्हाईक वेगळं आणि आपलं वेगळं. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येनं माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडात उभं राहायचं. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत यायचं, आणि येतात तेव्हा समोर लग्नसराई असते. भाचीचं लग्न, पुतण्याची हळद, फोटो, शूटिंग. तेव्हा ती बाई तुमच्या काउंटरवर येते आणि म्हणते, "ताई, तोंड लई काळं पडलंय, काहीतरी लवकर उजळणारं द्या."

हे एक गिऱ्हाईक. दुसरी गिऱ्हाइकं म्हणजे शेतात राबणारी, गाडीवर फिरणारी आशाताई, अंगणवाडी सेविका, स्कूटीवर रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या शिक्षिका, खांबावर चढणारा लाईनमन, टेम्पो ड्रायव्हर. पुरुषांना विसरू नका. पुरुष स्वतःहून विचारत नाही, बायकोबरोबर येतो आणि हळूच म्हणतो, "माझ्यासाठी पण बघा काही."

या सगळ्यांच्या बोलण्यात "लवकर" हा शब्द असतो. तुमच्या धंद्याची परीक्षा या एका शब्दावर होते.

ऊन कातडीला नेमकं काय करतं

माल विकायचा तर विषय माहीत पाहिजे. उन्हात अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात, यूव्हीबी आणि यूव्हीए. यूव्हीबी वरची कातडी भाजतो, लाल करतो, काळी पाडतो. यूव्हीए खोलवर जातो. कातडीला ताणून धरणारा कोलॅजन नावाचा धागा असतो, तो यूव्हीए तोडतो. धागा तुटला की कातडी सैल पडते आणि सुरकुत्या येतात. यूव्हीए ढगांतून येतो आणि खिडकीच्या काचेतूनही येतो.

याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला. २८ वर्षं तो ट्रक चालवत होता. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी वर्षांनी म्हातारी दिसत होती. माणूस एक, वय एक, फरक फक्त उन्हाचा. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असतं, म्हणजे आपल्या ड्रायव्हर भावांची उजवी बाजू आधी रापणार.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असतं. त्यानं थोडं संरक्षण मिळतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानानं आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. पण डाग आपल्याला आधी पडतात. गालावर वांग येतो, कपाळ काळवंडतं, रंग एकसारखा राहत नाही. वांगाला एकटं ऊन जबाबदार नसतं. बाळंतपण, गोळ्या, हार्मोन, घराण्याची ठेवण, सगळं त्यात असतं. म्हणून "आठ दिवसांत वांग गायब" असं कुणी म्हणालं की समजायचं, हा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा डबीत काहीतरी भयंकर आहे.

उपचारांची शिडी, आणि कुठल्या पायरीवर कोण

रापलेल्या आणि वयस्कर दिसणाऱ्या त्वचेसाठी जगात जे उपचार चालतात, ते शिडीसारखे आहेत. खालच्या पायऱ्या तुमच्या, वरच्या डॉक्टरांच्या.

पहिली पायरी, झाकणं. ऊसतोड करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल घट्ट बांधतात. उसाच्या पानानं अंग कापू नये म्हणून घालतात, पण ऊन अडवायलाही याच्यासारखं स्वस्त आणि टिकाऊ दुसरं काही नाही. फडात घामानं आणि धुळीनं क्रीम टिकत नाही. तिथे कापडच उपयोगी. सुती स्कार्फ, रुंद काठाची टोपी, हातमोजे, छत्री. हा माल दुकानात दर्शनी भागात ठेवा.

दुसरी पायरी, सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर. हा तुमचा हुकमी एक्का. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे ३० वरून ५० ला गेलं की संरक्षण दुप्पट होत नाही. यूव्हीएसाठी डबीवर 'पीए'पुढे अधिकची चिन्हं बघा, जितकी जास्त तितकं चांगलं. वांग असलेल्या गिऱ्हाइकाला कातडीच्या रंगाची, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन दाखवा. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही थोडा अडवतं, आणि वांग त्या प्रकाशानंही वाढतो.

सनस्क्रीनचा उपयोग होतो का, हे तपासलं गेलंय. ऑस्ट्रेलियातल्या नँबोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. त्याचा निकाल २०१३ साली छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण, वाटेल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढलं. ते लोक बहुतेक गोरे होते, त्यामुळे तोच आकडा आपल्याला लावू नका. पण दिशा स्पष्ट आहे. महागड्या ट्रीटमेंटच्या आधी रोजची ट्यूब.

तिसरी पायरी, पार्लरचं काम. क्लीन-अप, साधं फेशियल, मसाज, मास्क. यानं मळ निघतो, कातडीला ओलावा मिळतो, चेहरा दोन दिवस ताजा दिसतो. एवढंच होतं आणि एवढंच सांगायचं. ब्लीचनं चेहऱ्यावरची लव फिकी होते, आतला वांग जात नाही. उलट जळजळ झाली तर वांग वाढू शकतो.

चौथी पायरी, औषधी क्रीम. इथून डॉक्टर सुरू होतात. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध. उन्हानं खराब झालेल्या त्वचेवर ते काम करतं, हे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या गटानं १९८६ मध्ये मांडलं. पण फरक दिसायला महिने लागतात, सुरुवातीला साल निघते, आग होते, आणि गरोदरपणात ते चालत नाही. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे.

पाचवी पायरी, केमिकल पील, लेझर आणि सुया. पीलमध्ये ग्लायकोलिक आम्ल वापरतात. गंमत बघा, हे आम्ल उसात सापडतं. ज्या उसानं आपल्या माणसांचा चेहरा रापवला, त्यातलंच आम्ल शहरातल्या क्लिनिकमध्ये चेहऱ्याची साल काढतं. पण ताकद चुकली किंवा वेळ चुकली तर चेहरा भाजतो. सावळ्या कातडीला भाजल्यावर आधीपेक्षा गडद डाग पडतो. लेझरचंही तसंच आहे, गोऱ्या कातडीला चालणारी सेटिंग आपल्याला चटका देते. बोटॉक्स हे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. कपाळावरच्या आठ्या कमी होतात, परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, डाग मात्र तसेच राहतात. फिलरनं खड्डा भरतो, पण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, डोळाही जाऊ शकतो. आणि ते "गोरेपणाचं इंजेक्शन", म्हणजे ग्लुटाथिओन? गोरं होण्यासाठी त्याला आपल्या देशात मान्यता नाही.

रेघ इथे आहे. जे कातडीवर लावून धुता येतं, ते तुमचं. जे कातडीला टोचतं, जाळतं किंवा औषध म्हणून आत जातं, ते डॉक्टरांचं.

मशीन विकणारा सांगेल, "मॅडम, दोन दिवसांचं ट्रेनिंग देतो, सर्टिफिकेट देतो." ते सर्टिफिकेट भिंतीवर लावायला चांगलं दिसतं. पण त्यानं कुणी डॉक्टर होत नाही. उद्या कुणाचा गाल भाजला तर मशीनवाला फोन उचलणार नाही आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येईल. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे, घेऊ नका.

अकोल्यात काय झालं

आता पहिल्या प्रश्नाकडे, लूज क्रीमकडे येऊ.

२०२३ च्या जानेवारीत एक बातमी आली. अकोल्यातली बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक तरुण मुलगी, तिची आई आणि मोठी बहीण, तिघी एकच गोरेपणाची क्रीम वापरत होत्या. क्रीम कुठून घेतली होती? गावातल्याच एका ब्युटिशियनकडून. चेहरा उजळला, लोक कौतुक करायला लागले, म्हणून घरातल्या बाकीच्यांनीही लावली. मग तिघींनाही किडनीचा आजार झाला, ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. किडनीतली रक्त गाळणारी जाळी सुजते, तो हा आजार. एका घरात तिघींना एकदम कसा, म्हणून डॉक्टरांनी शोध घेतला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला. मुलीच्या रक्तात पाऱ्याची पातळी ४६ निघाली. ती ७ च्या आत असायला हवी होती.

हे एकट्या अकोल्याचं दुर्दैव नाही. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण पाहिले. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये आला. किडनीच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांमध्ये तो एका दुर्मीळ प्रकारचा निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं.

पारा काय करतो? कातडीत रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो. हाच त्याचा सापळा आहे. क्रीम "काम करते", म्हणून गिऱ्हाईक परत येतं. दरम्यान पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. क्रीममधून त्याची वाफही होते, त्यामुळे क्रीम न लावणाऱ्या घरातल्या लहान लेकरांनाही धोका असतो. सकाळी चेहऱ्यावर सूज, पायावर सूज, लघवीला फेस, ही लक्षणं दिसली की क्रीम बंद करून डबीसकट डॉक्टरांकडे जायचं.

आता त्या अकोल्याच्या घटनेतल्या विकणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तिला कदाचित माहीतही नसेल डबीत काय आहे. होलसेलरनं दिली, चालली, विकली. "मला माहीत नव्हतं" हे त्या तिघींच्या किडनीच्या काय कामाचं?

दुसरं विष, स्टिरॉइड

पारा कमी डब्यांत सापडेल, स्टिरॉइड जास्त. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं पाठ करा. खाज, इसब अशा आजारांवर डॉक्टर ही मलमं ठरावीक दिवसांसाठी देतात. पण चेहऱ्यावर लावली की आठवड्यात उजळपणा येतो, म्हणून ती "फेअरनेस क्रीम" म्हणून खपतात, कधी दुसऱ्या क्रीममध्ये कालवूनही देतात.

मग काय होतं? कातडी पातळ होते, लालसर पडते, शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालावर केस येतात. सोडायला गेलं तर अशी आग होते की बाई पुन्हा तीच ट्यूब मागते. दारूसारखं. याला त्वचारोगतज्ज्ञांनी इंग्रजीत नावच दिलंय, त्याचा अर्थ "स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा". २०११ साली देशभरातल्या केंद्रांवरचा एक अभ्यास छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यानंतर २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अशी १४ मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवालासुद्धा ती विकू शकत नाही. आपल्या कॉस्मेटिक्सच्या दुकानाकडे तर औषधाचा परवानाच नसतो. ट्यूबवर 'आरएक्स' अशी खूण किंवा शेड्यूल एचचा इशारा दिसला की ती आपल्या शेल्फवर नको, संपला विषय.

कायदा तुम्हाला मारतो आणि तारतोही

कॉस्मेटिक्स किरकोळ विकायला वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे खूप जणांना वाटतं, इथे नियमच नाहीत. नियम आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे आणि सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम २०२० साली आले. बनवणाऱ्याला परवाना लागतो, बाहेरून आणणाऱ्याला नोंदणी लागते, आणि बनावट किंवा विनापरवाना माल विकणाऱ्यावर तुरुंगापर्यंतची कारवाई होऊ शकते. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा चुकून आला असला तरी दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही.

माल घेताना डबी हातात घेऊन या पाच गोष्टी बघा:

१. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता आहे का?
२. उत्पादन परवाना क्रमांक आहे का? माल परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि आयात करणाऱ्याचा पत्ता आहे का?
३. बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापलंय का?
४. आत काय काय आहे त्याची यादी आहे का? त्यात मर्क्युरी, मर्क्युरस, मर्क्युरिक, कॅलोमेल असा शब्द आहे का?
५. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना आहे का? असेल तर डबी तिथेच ठेवा. पारा सोन्याला चिकटतो, म्हणून ती सूचना असते.

पांढरी, बिनलेबलची डबी, किंवा लेबलवर फक्त गोऱ्या बाईचा फोटो आणि परदेशी लिपी, असा माल फुकट दिला तरी घेऊ नका.

आणि आता तारणारी बाजू. या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रामाणिक दुकानदारासाठी संरक्षण आहे. माल रीतसर परवाना असलेल्या उत्पादकाकडून, वितरकाकडून किंवा विक्रेत्याकडून घेतला, त्यात खोट आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि योग्य काळजी घेऊनही कळलं नसतं, आणि तुम्ही माल नीट, आहे त्या स्थितीत ठेवला, हे सिद्ध करता आलं तर तुमची बाजू उभी राहते. सिद्ध कशानं करणार? पक्क्या बिलानं. "बिलाशिवाय घ्या, दहा टक्के स्वस्त देतो" असं होलसेलर म्हणतो, तेव्हा तो तुमची ढाल दहा टक्क्यांना विकत घेत असतो. बिलं वर्षानुसार फाईलला लावा.

एखादा माल संशयास्पद वाटला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे, १८००-२२२-३६५.

गल्ल्याचं गणित

"ताई, हे सगळं खरं, पण पोट कसं भरायचं?" रास्त प्रश्न आहे. कागद-पेन घ्या. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या दुकानाचे घालून बघा.

समजा लूज क्रीम ६० ला घेतली आणि २०० ला विकली. एका डबीमागे १४० सुटले. बाई वर्षात ५ डब्या नेते. ७०० रुपये.

समजा सनस्क्रीनची ट्यूब ४०० ची आणि तुम्हाला २० टक्के सुटतात, म्हणजे ८०. नीट लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिना जाते. वर्षाला ८ ट्यूब, ६४० रुपये.

पहिल्या वर्षी कागदावर लूज क्रीमच पुढे आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या वर्षी काय? क्रीमवालीचा चेहरा बिघडतो, ती येत नाही. तिची जाऊ येत नाही, वस्तीतल्या चार बायका येत नाहीत. सनस्क्रीनवालीचे तीन वर्षांचे झाले १,९२०. शिवाय दर वेळी ती एक मॉइश्चरायझर, एक स्कार्फ, पोरीसाठी पिना, टिकल्या नेते. बीबीएमध्ये याला कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू म्हणून शिकवतात. आपल्याकडे आधीपासून म्हण आहे, गिऱ्हाईक तोडू नये, जोडावं.

एक अडचण खरी आहे. ४०० ची ट्यूब ऊसतोडीच्या बाईला परवडत नाही. तिला लहान पॅक दाखवा, नाहीतर स्कार्फ आणि फुल बाह्यांचा शर्ट सांगा. तिला महागडी वस्तू गळ्यात मारली तर ती एकदा घेईल. तिच्या खिशाचा विचार केलात तर पट्टा पडला की दर वर्षी तुमच्याकडेच येईल.

काउंटरवर काय बोलायचं

"काहीतरी लवकर उजळणारं द्या" असं म्हटल्यावर नुसतं "नाही" म्हणू नका, ती शेजारच्या दुकानात जाईल. असं बोला: "अक्का, लवकर उजळणाऱ्यात विष असतं, मी ते ठेवत नाही. हे रोज सकाळी लावा, दोन बोटांवर येईल इतकं, उन्हात असाल तर दोन-अडीच तासांनी परत. दोन-तीन महिन्यांत नवीन काळेपणा थांबेल. डाग जुना असेल तर डॉक्टरांना दाखवा." खरं बोलणारा दुकानदार दुर्मीळ असतो, म्हणून लक्षात राहतो.

आणि काही गिऱ्हाइकांना काहीही न विकता सरळ डॉक्टरकडे पाठवा. बरी न होणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, नाक-गालावर उन्हात गेल्यावर उमटणारा लाल चट्टा आणि सोबत सांधेदुखी, आणि फिकट चट्टा ज्यावर टोचलेलं कळत नाही. हा शेवटचा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि वेळेत घेतले तर पूर्ण बरा होतो. अशा चट्ट्यावर तुम्ही क्रीम विकलीत तर त्या माणसाचे महिने वाया जातात. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे पाठवा.

गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल डॉक्टरांकडे कट मागू नका. डॉक्टरांच्या आचारसंहितेत असं कमिशन बसत नाही, आणि तुमच्या शब्दाची किंमतही त्यात जाते.

एक शेवटची गोष्ट, जी बीडच्या माणसाला वेगळी सांगायला नको. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आजाराची भीती घालून बाईच्या शरीरावर धंदा झाल्याच्या तक्रारी तेव्हा आपण ऐकल्या. भीती कर्करोगाची असो नाहीतर काळ्या चेहऱ्याची, ती खपते, हे प्रत्येक विकणाऱ्याला माहीत असतं. "असं तोंड घेऊन लग्नात कशी जाणार?" हे वाक्य काउंटरवर कधीही बोलू नका. रापलेला चेहरा हा कष्टाचा चेहरा आहे. त्याला ऊन लागू नये म्हणून माल विका. त्याची लाज वाटावी म्हणून विकू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

दुकान असेल तर आज रात्री शटर ओढल्यावर क्रीमचं शेल्फ खाली काढा. प्रत्येक डबीला वरचे पाच प्रश्न लावा. नापास डब्या वेगळ्या खोक्यात ठेवा, होलसेलरला फोन करून परत घ्यायला सांगा, नाही घेतल्या तर तोटा सोसा पण विकू नका. किती रुपयांचा माल बाजूला निघाला ते वहीत लिहा.

दुकान अजून टाकायचं असेल तर तुमच्या पहिल्या स्टॉकच्या यादीत ओळ क्रमांक एक सनस्क्रीन, ओळ क्रमांक दोन सुती स्कार्फ लिहा, आणि होलसेलरला पहिलाच प्रश्न विचारा, "पक्कं बिल देणार ना?"

आकडा आणि अनुभव व्हिडिओखाली लिहून कळवा. पुढच्या भागात पक्कं बिल मागितल्यावर होलसेलर काय काय कारणं सांगतो आणि त्याला काय उत्तर द्यायचं, ते बघू.